एक लेझर अडतो, दुसरा लावला की पहिला आरपार जातो... हे कसं काय?

वऱ्हाडी_मास्तर
नमस्कार मंडळी. वाशिम जिल्ह्यात रिसोडकडच्या एका शाळेवर विज्ञान शिकवतो. विज्ञान दिनाला तालुक्याच्या कॉलेजात एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं, आठवी-नववीच्या पोरांना घेऊन गेलो होतो. पोरं समोसे खाऊन खूश, माझ्या डोक्यात मात्र भुंगा शिरला.

सर म्हणाले, एखाद्या धातूची वाफ काचेच्या नळीत भरायची. तिच्यात नेमक्या रंगाचा लेझर सोडला तर वाफ तो सगळा गिळते, पलीकडे अंधार. मग त्याच वाफेत जरा वेगळ्या रंगाचा दुसरा लेझर सोडायचा, की पहिला लगेच आरपार. कारण विचारलं तर म्हणे क्वांटम कोहिरन्स.

मला यात एवढं गूढ काही वाटलं नाही. दुसरा लेझर तगडा असणार. त्यानं सगळे अणू आधीच ऊर्जेच्या वरच्या पातळीवर नेऊन ठेवले असणार, मग पहिल्याला गिळायला खाली उरलं कोण? एवढ्या साध्या गोष्टीला एवढं भारी नाव कशाला?

परत येताना जीपमध्ये एका पोरीनं विचारलं, सर, पॉइंटरचा ठिपका भिंतीवर रवाळ का दिसतो, टॉर्चचा का नाही? व्याख्यानात याचंही कारण कोहिरन्सच सांगितलं होतं. वाफ पारदर्शक होणं आणि भिंतीवर रवा दिसणं, दोन्हीचं कारण एकच कसं? जाणकारांनी सांगावं. सूत्रं कमी, गोष्ट जास्त.

संत्राबाग
मास्तर, आमच्या इकडं डीजेवाल्याचा लेझर एकटाच आरपार जाते, त्याले दुसरा लागत नाही. चुलतभावाच्या वरातीत माह्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून असा आरपार गेला का आता हरेक फोटोत एक गुलाबी रेघ येते.

प्रकाशवाट
(अमरावतीत कॉलेजात शिकवून निवृत्त.) आधी पोरीचा प्रश्न घेतो, तो जास्त चांगला आहे.

भिंत आपल्याला गुळगुळीत वाटते, पण प्रकाशाच्या लहरीच्या मापानं ती खडबडीत असते. लाल पॉइंटरची लहर ६५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. ठिपक्यातल्या शेजारशेजारच्या जागांवरून उडालेल्या लहरी डोळ्याच्या पडद्यावर एकमेकींवर पडतात. कुठं शिखरावर शिखर येतं, तिथं चमक. कुठं शिखरावर दरी येते, तिथं काळोख. टॉर्चच्या उजेडातही हेच होतं, पण त्याच्या लहरींचा मेळ (हाच कोहिरन्स) सतत बदलतो, त्यामुळे नक्षी डोळ्याला कळायच्या आत पुसली जाते. उन्हाच्या लहरींचा मेळ जेमतेम मायक्रोमीटरभर टिकतो. लेझरचा पुष्कळ लांब टिकतो, म्हणून नक्षी स्थिर राहते.

गंमत म्हणजे तो रवा भिंतीवर नसतोच, तो तुमच्या डोळ्यात तयार होतो. खात्री करायची तर पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडा आणि त्यातून तो ठिपका बघा. ठिपका तेवढाच, पण दाणे एकदम मोठे दिसतील. प्रकाश आत येण्याची वाट जितकी अरुंद, तितका रवा जाड.

पऱ्हाटी
हे आत्ताच करून पाह्यलं. सुई नव्हती, बोरीचा काटा वापरला. दाणे खरंच मोठे झाले राजेहो!

काटोलची_सून
मी पण एक सांगते, यातलं शास्त्र तुम्ही सांगा. पोराचा पॉइंटर घेऊन मी स्वयंपाकघरात उद्योग करत असते. दुधाच्या वाटीवर ठिपका पाडला तर तो मऊ, सपाट दिसतो, रवा अजिबात नाही. त्याच दुधाला विरजण लावलं आणि पॉइंटर कपड्याच्या चिमट्यानं डब्याला अडकवून ठेवला. रात्री सपाट. सकाळी दही घट्ट लागलं होतं, आणि ठिपक्यात भिंतीसारखा खरखरीत रवा! चमच्यानं कोपरा जरा हलवला की रवा थरथरतो, मग पुन्हा थांबतो. सासूबाई म्हणाल्या, लागलं का नाही ते बोट बुडवून पाहायचं सोडून हे काय!

फोटॉन_पाटील
काटोलच्या ताई, तुम्ही जे केलंत ते प्रयोगशाळांमध्ये महागडी यंत्रं लावून करतात. दुधात स्निग्धाचे आणि प्रथिनांचे बारीक कण सतत वळवळत असतात. त्यांच्यावरून उडालेल्या प्रकाशाची नक्षी इतक्या झपाट्यानं बदलते की डोळ्याला सरासरी सपाट उजेडच दिसतो. दही लागलं की प्रथिनांचं जाळं कणांना जखडतं, नक्षी थांबते, रवा दिसतो.

आता मास्तरांची वाफ. (मूळचा दारव्ह्याचा, सध्या लेझरच्या प्रयोगशाळेत नोकरी.) मास्तर, तुमचा अंदाज बहुतेकांचा पहिला अंदाज असतो. पण १९९१ साली स्टॅनफर्डमध्ये बोलर, इमामोग्लू आणि हॅरिस यांनी स्ट्रॉन्शियमच्या वाफेवर काय पाहिलं ते ऐका. दुसरा लेझर बंद असताना पहिल्याचा अब्जातले दोन भाग एवढाच उजेड पलीकडे यायचा. दुसरा चालू केला की एक तृतीयांशाहून जास्त.

यात तगड्या लेझरनं अणू उचलले असं म्हणता येत नाही, कारण दुसरा लेझर ज्या दोन पातळ्यांना (वरची आणि एक मधली) जोडतो त्या दोन्ही जवळपास रिकाम्या असतात. अणू सगळे तिसऱ्याच पातळीवर, तळाशी बसलेले. जिथं कोणी नाहीच, तिथून दुसरा लेझर उचलणार कोणाला?

मग होतं काय? अणूला तळातून वरच्या पातळीवर जायला आता दोन वाटा होतात. एक थेट. दुसरी वळसा घालून: वर जायचं, दुसऱ्या लेझरच्या हाताला धरून मधल्या पातळीवर उतरायचं, परत वर यायचं. क्वांटमच्या नियमानं या दोन वाटांची बेरीज होते आणि बरोबर जुळवलं तर ती शून्य येते. वर जाणंच बंद, म्हणजे गिळणंही बंद. पहिला लेझर सुखरूप बाहेर. ही बेरीज बिनचूक शून्य यायची तर तळाची आणि मधली पातळी यांच्यातला ताल अणूच्या आत टिकावा लागतो. प्राध्यापक ज्याला क्वांटम कोहिरन्स म्हणाले तो हा.

वऱ्हाडी_मास्तर
पातळ्या रिकाम्या असतात हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. माझा मुद्दा तिथंच पडला म्हणायचा. पण 'दोन वाटांची बेरीज शून्य' हे नववीच्या पोराला कसं सांगू?

प्रकाशवाट
झोका घ्या. एक जण मागून ढकलतोय, दुसरा समोरून, दोघांचा जोर सारखा आणि वेळ बिनचूक. झोका जागचा हलत नाही. दोघांपैकी एकाचा ताल चुकला की झोका लागलाच हलायला.

निवृत्त_लाइनमन
सर, रागावू नका, पण झोका इथं बसत नाही. पाटील म्हणतात दुसरा लेझर रिकाम्या पातळ्यांत काम करते. मंग तो झोक्याले हात लावतेच कुठं? समोरून ढकलणारा कोन?

फोटॉन_पाटील
काका, भले! आमच्याकडचे एम.एस्सी.वाले हा प्रश्न विचारत नाहीत.

समोरून ढकलणारा अणूच्या आतून तयार होतो. सुरुवातीला पहिला लेझर थोडा गिळला जातोच. त्यातून तळाची आणि मधली पातळी यांची एक मिश्र अवस्था तयार होते, तीही ठरावीक तालात. मग दुसरा लेझर त्या तालाला धरून वरच्या पातळीकडे ढकलतो, नेमका उलट. एकदा हे बसलं की गिळणं थांबतं. म्हणजे दुसरा माणूस पहिल्या काही धक्क्यांनंतर उभा राहतो. या अवस्थेला 'अंधारी अवस्था' म्हणतात, कारण त्यात बसलेला अणू दोन्ही लेझरना दाद देत नाही आणि चमकतही नाही.

याचं मूळ १९९१ च्याही आधीचं आहे. १९७६ साली इटलीतल्या पिसा इथं अल्झेटा, गोझिनी, मोई आणि ओरिओल्स सोडियमच्या वाफेवर काम करत होते. लेझर पडला की वाफ पिवळी चमकायची. नळीच्या लांबीत चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत नेलं होतं. त्या पिवळ्या पट्ट्यात मध्येच काळ्या रेघा दिसल्या. लेझरमधल्या दोन रंगांमधला फरक जिथं पातळ्यांमधल्या फरकाशी तंतोतंत जुळत होता, तिथले अणू चमकायचे थांबले होते. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा क्वांटम कोहिरन्स.

निवृत्त_लाइनमन
सोडियम म्हटलं का आमचा जीव की प्राण. गावोगावच्या खांबांवर सोडियमचे दिवे आम्हीच चढवले, आता सगळीकडं एलईडी. त्या दिव्यातबी असंच होत असंन का?

फोटॉन_पाटील
दिव्यात कोहिरन्स नाही काका, पण एक मजा आहे. खांबावरच्या जास्त दाबाच्या सोडियम दिव्याचा उजेड चांगल्या वर्णपटदर्शकातून पाहिला तर नेमक्या ५८९ नॅनोमीटरला, जिथं सोडियमनं सर्वांत जास्त चमकायला पाहिजे, तिथंच काळी खाच दिसते. आतल्या गरम वाफेचा तो रंग बाहेरची गार वाफ गिळते. ही साधी गिळागिळी. पिसाची काळी रेघ वेगळी, तिथं अणूंनी गिळणंच सोडलं होतं.

अवकाळी
सगळे इतक्या लवकर पाटलांच्या मागं का लागलेत? मी पण थोडं वाचलंय. दुसरा लेझर जोरदार असेल तर वरची पातळी सरळ दोन भागांत फुटते. हे ऑटलर आणि टाउन्स यांनी १९५५ लाच दाखवलं. फुटली की मधे मोकळी जागा, पहिला लेझर त्या मोकळ्या जागेतून निघून जातो. वाटांची बेरीज नको, अंधारी अवस्था नको. 'कोहिरन्समुळे पारदर्शक' म्हणून छापलेल्या किती प्रयोगांत नुसती ही फाटाफूट असते! मास्तरांची शंका अगदीच चुकीच्या दिशेला नाही.

फोटॉन_पाटील
अवकाळी, मुद्दा रास्त आहे आणि यावर खरोखर वाद झालेत. निवाडा असा करतात: दुसरा लेझर मंद करत जायचं. फाटाफूट असेल तर दोन भाग जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि मधली खाच, म्हणजे जिथं गिळणं थांबतं तो रंगाचा अरुंद पट्टा, बुजते. वाटांची वजाबाकी असेल तर खाच अरुंद होत जाते, पण मधोमध टिकून राहते. रुबिडियमच्या गरम वाफेत ती किलोहर्ट्झच्या मापाची करता येते. रुबिडियम ज्या रंगाला गिळतं त्या रेषेची स्वाभाविक रुंदी सुमारे ६ मेगाहर्ट्झ, म्हणजे खाच रेषेच्या हजाराव्या भागाएवढीही होऊ शकते. इतकी बारीक खाच फाटाफुटीतून पडत नाही.

अवकाळी
मंद करून पाहिल्यावर टिकली तर मान्य. पण तसं पाहिलेलंच नसेल त्या छापील लेखांना मी हात जोडत नाही.

फोटॉन_पाटील
त्यांना मीही जोडत नाही.

पऱ्हाटी
बापू, सगळं ठीक. पण याचा फायदा काय? कापसाले भाव येते का यानं?

फोटॉन_पाटील
भाव नाही येत, वेळ कळते. ती खाच इतकी बारीक असते की तिच्यावरून घड्याळ लावता येतं. रुबिडियमच्या तळाच्या दोन पातळ्यांमधला फरक ६.८ गिगाहर्ट्झच्या जवळ. एकाच लेझरची कंप्रता डोलवून त्यात तेवढ्या फरकाचे दोन रंग आणायचे आणि वाफ जास्तीत जास्त पारदर्शक राहील अशी ती डोलणी धरून ठेवायची. झालं अणुघड्याळ. या पद्धतीनं आगपेटीच्या आकाराची घड्याळं बनतात. आपल्या 'नाविक' या दिशादर्शक उपग्रहांतही रुबिडियमची घड्याळं आहेत, मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनवलेलं होतं. पण त्यांची जात जुनी, त्यात रुबिडियमचा दिवा असतो.

दुसरं म्हणजे अशा वाफेत प्रकाशाचा ठोका, म्हणजे क्षणभराचा झोत, कमालीचा मंदावतो. १९९९ मध्ये लेने हाउ आणि सहकाऱ्यांनी अतिथंड सोडियममध्ये तो सेकंदाला १७ मीटरवर आणला. ताशी ६१ किलोमीटर.

संत्राबाग
म्हंजे समृद्धीवर १२० नं गाडी काढली तर प्रकाशाले ओव्हरटेक? आणि आमची रिसोड एसटी तं त्याच्या मागंच राहीन.

फोटॉन_पाटील
समृद्धीवर सोडियमचा ढग सापडला तर नक्की. तो ढग मिलिमीटरहूनही लहान होता आणि निरपेक्ष शून्याला टेकलेला. आणि वेग ठोक्याचा, निर्वातातल्या प्रकाशाला कोणी हात लावलेला नाही. २००१ मध्ये तर ठोका थांबवून परत सोडून दाखवला. दुसरा लेझर हळूहळू बंद केला की ठोक्याची सगळी माहिती अणूंच्या तालात उतरते. परत चालू केला की ठोका बाहेर. २०१३ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला एका स्फटिकात तो मिनिटभर धरून ठेवला.

शेगावची_कचोरी
मिनिटभर! आमच्या घरी मिनिटभर लाइट थांबत नाही.

निवृत्त_लाइनमन
कचोरी, आमच्या काळात थांबत होती. 😄

मन्या_दर्यापूर
धाग्याचा विषय निघालाच आहे तर... आमच्या आठवडी बाजारात एक जण 'क्वांटम' लिहिलेलं स्टिकर विकत होता. मीटरवर चिकटवायचं, बिल अर्धं होतं म्हणे. मी घेतलं नाही, शेजाऱ्यानं घेतलं. यात काही तथ्य?

निवृत्त_लाइनमन
मीटरवर काही चिकटवलं तर बिल अर्धं नाही होत बाप्पा, नोटीस येते. काढाले सांगा शेजाऱ्याले, आजच.

काटोलची_सून
क्वांटमवरून आठवलं. झाडाच्या पानात म्हणे सूर्यप्रकाश क्वांटम कोहिरन्सनं वाहतो, म्हणून प्रकाशसंश्लेषण इतकं सफाईदार चालतं. आमच्या बागेतल्या संत्र्याच्या पानात पण हेच चालतं का?

अवकाळी
ताई, यावर माझं ठाम मत आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लेमिंग यांच्या गटानं हिरव्या गंधक जिवाणूंच्या एका प्रथिनात लेझरच्या अतिसूक्ष्म ठोक्यांनी तसे हेलकावे पाहिले. तेही ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंशाला. वर्तमानपत्रांनी त्याचं 'झाडं क्वांटम संगणक आहेत' करून टाकलं. पुढच्या बारा-तेरा वर्षांत फेरतपासणी झाली आणि बहुतेकांचं मत असं पडलं की ते हेलकावे मुख्यत्वे रेणूंच्या कंपनांचे होते. खोलीच्या तापमानाला ऊर्जा वाहून न्यायला त्यांची गरज लागत नाही. संत्र्याला पाणी द्या, क्वांटम नको.

संत्राबाग
अवकाळीनंच पाणी द्या म्हणावं, वा रे वा. मार्चमधी आमचा आंबिया बहार कोणी झोडपला होता?

पऱ्हाटी
मले दह्याच्या गोष्टीवरून एक सुचलं. दाणा जिवंत का मेला ते लेझरनं कळंन का? सोयाबीनचं बियाणं आणतो, पेरतो, निम्मं उगवतच नाही. दुकानात उभ्या उभ्या लेझर मारला अन् समजलं तर देवच पावला.

फोटॉन_पाटील
पऱ्हाटी, हे हवेतलं नाही. भिजवलेल्या जिवंत दाण्यावर किंवा फळावर लेझर टाकला तर आतल्या हालचालीनं रवा हळूहळू लुकलुकतो. मेलेल्या उतीवर तो जवळपास स्थिर राहतो. यावरून बियाण्याचा जिवंतपणा आणि फळाचा ताजेपणा जोखायच्या पद्धतींवर संशोधन चालतं. पण कॅमेरा लागतो, ओलावा जुळवावा लागतो, सुकायला लागलेलं पाणीही लुकलुकतं. दुकानात उभ्या उभ्या जमणार नाही.

काटोलची_सून
दादा, गोणपाट ओलं करून शंभर दाणे गुंडाळा, आठवड्यानं मोजा. सत्तरच्या वर उगवले तर पेरा. लेझर पोरांना खेळायला द्या.

पऱ्हाटी
ते करतोच वहिनी. पण गोणपाटाले फेसबुकवर लाईक नाही भेटत ना.

प्रकाशवाट
मास्तरांच्या मूळ प्रश्नाकडे वळू या, अर्धा अजून बाकी आहे. दोन्हीचं कारण एकच कसं, असं त्यांनी विचारलं होतं.

एकच नाही, आणि व्याख्यानांत हेच बहुतेकदा गुळमुळीत राहतं. भिंतीवरच्या रव्यात ताल प्रकाशाचा; भिंत बिचारी मुकाट उभी. वाफेच्या खेळात प्रकाशाचा ताल लागतोच, दोन लेझर एकमेकांशी जुळलेले लागतात, पण खरा खेळाडू अणूचा स्वतःचा ताल. आणि बहुतेक पदार्थांत तो क्षणात मोडतो. अकोल्याच्या बाजारात ॲक्रिलिकच्या पाट्या लेझरनं कापतात, पाहिलं असेल. तो कार्बन डायऑक्साइडचा लेझर, १०.६ मायक्रोमीटरचा. तो १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये बनवणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकलेले. डोळ्याला पारदर्शक असलेलं ॲक्रिलिक त्या लहरीला मात्र गिळून टाकतं. रेणू तालात डोलायला लागायच्या आत शेजाऱ्यांना धडकून ताल गमावतात आणि उरते ती उष्णता. कापायला तेवढीच पुरते. लेझरच्या तालाचा उपयोग इथं किरण एका बिंदूत गोळा करण्यापुरता.

म्हणून ही मंडळी बहुतेकदा वाफ वापरतात, घट्ट पदार्थ क्वचितच. अणू एकमेकांपासून लांब, धक्काबुक्की कमी.

फोटॉन_पाटील
+१. एक भर: वाफेतही काचेच्या भिंतीवर आपटला की अणूचा ताल मोडतो. रुबिडियमचा अणू साध्या तापमानाला सेकंदाला अडीचशे मीटरच्या वर पळतो, तेव्हा बोटभर नळीची भिंत गाठायला त्याला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पुरतो. म्हणून नळीत निऑन किंवा नायट्रोजन भरतात, अणू त्यात अडखळत जातो आणि या धडका तळाच्या तालाला फारशा लागत नाहीत. नाही तर काचेला आतून पॅराफिनचा थर देतात, मेणबत्तीच्याच जातीचं मेण. त्यावर शेकडो-हजारो वेळा आपटूनही ताल टिकतो. क्वांटम प्रयोगशाळेत मेणाची वडी पाहून मी पहिल्यांदा हसलो होतो.

उमरखेडचा
लेझर, लहरी चाललंय तर औंढ्याचं कसं कोणी काढलं नाही? आमच्यापासून लांब नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतेय, २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेझर जाऊन येणार.

फोटॉन_पाटील
हो, आणि या धाग्यात ते चपखल बसतं. तिथं लेझर १०६४ नॅनोमीटरचा. दोन भुजांतून परतलेल्या लहरींचा ताल किती चुकला, त्यावरून गुरुत्वीय लहर ओळखायची. अमेरिकेतल्या दोन केंद्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली तेव्हा भुजांच्या लांबीतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या मापाचा होता. २०१९ पासून तिथं 'पिळलेला' प्रकाश वापरतात, म्हणजे क्वांटम खळखळ एका बाजूनं दाबून दुसऱ्या बाजूला ढकललेला. आणि गंमत ऐका, बाजारात मिळणाऱ्या हिरव्या पॉइंटरच्या पोटातही बहुधा १०६४ चाच लेझर असतो, स्फटिकातून त्याची कंप्रता दुप्पट करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा काढतात.

संत्राबाग
म्हंजे माह्या कॅमेऱ्याचं वाटोळं करणारा आणि औंढ्याचा, भाऊभाऊच!

वऱ्हाडी_मास्तर
सगळ्यांचे आभार. वाफेचं अर्धंमुर्धं तरी कळलं. काल वर्गात रव्याचा प्रयोग घेतला, अंधारी खोली, भिंतीवर ठिपका, पोरं लांब उभी. सुईच्या भोकाचं जमलं. पण एक वेगळंच झालं. मी म्हटलं, डोकं डावी-उजवीकडं हलवून बघा. बहुतेक म्हणाली, कण नुसते खदखदतात. दोन-तीन पोरं म्हणाली, आम्ही उजवीकडं गेलो की कण डावीकडं पळतात. त्यातल्या एकाला चष्मा आहे, वर्गात काढून बसतो. बाकीच्यांना नाही. हे काय प्रकरण?

प्रकाशवाट
मास्तर, त्या बाकीच्या पोरांचे डोळे तपासून घ्या. डोकं हलवलं की कण उलट दिशेला पळत असतील तर ती जवळच्या नजरेची, लांबचं धूसर दिसणारी असण्याची शक्यता बरीच. डोक्याबरोबर त्याच दिशेनं सरकले तर उलट दोष. नजर बरोबर असेल तर दिशा अशी कळत नाही, नुसती खदखद दिसते. रवा डोळ्याच्या पडद्यावर तयार होतो, त्यामुळे भिंत धूसर दिसली तरी तो स्पष्टच राहतो, आणि म्हणून हे जमतं. चष्मेवाल्याला चष्मा घालून परत बघायला लावा, पळणं थांबलं पाहिजे. ही तपासणी नव्हे, इशारा आहे. तालुक्याच्या दवाखान्यात तक्त्यावर नेमकं कळेल.

निवृत्त_लाइनमन
मागच्या बाकावर बसत असतीन तं आधी पुढं घ्या त्यायले.

फोटॉन_पाटील
आणि मास्तर, शाळेत लालच पॉइंटर ठेवा, एक मिलिवॉटच्या आतला. स्वस्त हिरव्यांत अवरक्ताची गाळणी बऱ्याचदा नसते, मग हिरव्याबरोबर न दिसणारा १०६४ आणि ८०८ चा प्रकाशही बाहेर येतो. तो दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. ठिपका भिंतीवरच, आरशावर किंवा स्टीलच्या डब्यावर नको.

वऱ्हाडी_मास्तर
लालच आहे, मिलिवॉट किती ते मात्र त्यावर लिहिलेलं नाही. दुकानात विचारलं तर म्हणाला, सर, दोन किलोमीटर जातो!

अवकाळी
मग तो परत करा.